असईची खोकी पाठवली आहेत

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

चार खोकी काल रात्रीच्या बसने निघाली. निळ्या दोरीचं आधी उघड, असईच्या लढाईची, इंग्रजांची आणि शिंद्यांची, दोन्ही खेळण्यातली सैन्यं त्यात आहेत. तुला परत रात्री नेब्युलायझर घ्यावा लागला, हे परवा दादाकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, त्यावर मी काही लिहिणार नाही. दिवाळीत झालं तेवढं पुरे. हे पत्र फक्त ओजसला खेळ कसा लावून द्यायचा, एवढ्यासाठीच.

रंगवायचे राहिलेले शिपाई १:७२ मापाचे, मऊ प्लास्टिकचे आहेत. साच्यातून निघताना त्यांच्यावर तेलकटपणा राहतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धू आणि दिवसभर वाळू दे; नाहीतर रंग आधी बंदुकीच्या टोकाकडून सुटतो. मग दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी, ब्रशने एक हात. तो सुकला की दुसरा. हा थर लवचिक असतो, संगीन वाकली तरी तडकत नाही. वर पातळ केलेला ॲक्रिलिक रंग, दोनदा. स्प्रे प्रायमर लागत नाही. अजिबात लागत नाही, मुक्ता. डब्याने काम लवकर उरकतं हे खरं, पण त्याची वाफ बंद जागेत साचून राहते, आणि तुझी बाल्कनी काचा लावून बंद केलेली आहे.

खाली चिकटवायला २० मि.मी. चौकोनी तुकडे पाठवले आहेत, कापूनच. एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, घरी घासू नकोस, त्याची भुकटी फार बारीक असते. इन्स्टंट गोंद या प्लास्टिकला नीट धरतच नाही, वाफ मात्र छातीला लागते. ग्लू गनचा एक थेंब पुरतो. पुठ्ठा वापरलास तर दोन्ही बाजूंनी रंगव, एकाच बाजूला गोंद लावला की सुकताना वाटीसारखा वळतो. जमिनीसाठी वापरलेली चहापत्ती धुऊन, उन्हात कडक वाळवून फेव्हिकॉलवर पसर. लाकडाचा भुसा नको. टेकड्या थर्मोकोलच्या, त्यावर स्प्रे मारला तर थर्मोकोलच विरघळतो, आणि तापलेल्या तारेने कापला तर धूर होतो. धारदार कटर घे, खिडकी उघड.

पुन्हा तेच आलं. तू लहान नाहीस, हे मला कळतं. माफ कर.

नियम आधी चारच ठेव. पायदळ एका डावात १५ सें.मी., घोडदळ ३०. बंदूक १५पर्यंत, तोफ ६०पर्यंत. जितके शिपाई तितके फासे. ५ किंवा ६ पडला की एक गारद. बारा फाशांत सरासरी चार, हे ओजसने स्वतः वहीत टाकून मोजावं. पलटणीतला एक तृतीयांश गेला की दोन फासे टाकायचे: बेरीज ७ किंवा जास्त आली तर टिकली, नाहीतर मागे फिरली. टिकण्याच्या शक्यता ३६पैकी २१ आहेत. मुलं हरल्यावर फाशांना दोष देतात. आकडे आधीच माहीत असले की देत नाहीत. केदाररावांना फासे कंटाळवाणे वाटतात ना, त्यांना पंच करा. १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्झने सैन्याधिकाऱ्यांसाठी जो खेळ बसवला, तो १:८००० च्या नकाशावर होता, एक डाव म्हणजे दोन मिनिटं, आणि शत्रू कुठे, कोणाला किती दिसतो, हे पंचच ठरवायचा.

असई मांडताना एका शिपायाला शंभर माणसं धर: इंग्रज सेनापती वेलस्लीकडे पंचेचाळीस, शिंद्यांच्या कवायती पायदळाचे शंभर. दक्षिणेला केळना नदी, उत्तरेला जुई, मध्ये जमिनीची जीभ. वाटाडे म्हणाले होते केळनेला पायी ओलांडण्याजोगा उतार नाही. वेलस्लीने पाहिलं की काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत, म्हणजे उतार असणारच. हे ओजसला सांगू नकोस, नकाशावर शोधू दे. तू अकराव्या वर्षी न सांगता पिंपळगाव आणि वरूडवर बोट ठेवलं होतंस. मी तेव्हा काही बोललो नाही, पण ते बोट अजून डोळ्यांसमोर आहे.

मग शिंद्यांचा सेनानी पोलमन याची अख्खी रांग काटकोनात पूर्वेकडे वळवायची. आतलं टोक जागेवर, बाहेरच्या टोकाचं अंतर मोजायचं. १८०३ साली ही कवायत शत्रूसमोर करणारं पायदळ आपलं होतं, हे त्याला जरूर सांग. इंग्रजांची ७४वी पलटण वाट चुकून असई गावाच्या तोफांसमोर का कापली गेली, तेही मांडल्यावर आपोआप कळतं.

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय तुम्हाला पुण्याहून एका दिवसात होतं. सकाळीच जा, दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. ओजसला एका बाजूची चाकं मोजायला सांग: पॅटनला सहा, टी-५५ला पाच, आणि पहिल्या-दुसऱ्यामध्ये मोठी फट. पॅटन पाहिला की खेमकरण सांग. सप्टेंबर १९६५मध्ये कालव्याचं पाणी उसाच्या शेतांत सोडलं आणि असल उत्तरला पाकिस्तानचे हेच जड रणगाडे चिखलात रुतले. घरी आल्यावर टेबलावर ओल्या जमिनीत चाल निम्मी करा, फासा १ पडला की रणगाडा अडकला. संग्रहालयाचं मैदान मोकळं आहे, धूळ असणार. मास्क ने. सुट्टीत इकडे आलात की महूचं इन्फन्ट्री संग्रहालयही पाहू. छावणीचा भाग आहे, ओळखपत्रं बरोबर आणा.

खेळ संपला की फासे मोजून ठेव, छोटी अजून सगळं तोंडात घालते. चोवीस आहेत. त्यांच्या लाकडी डबीत उजवीकडचा कप्पा रिकामा दिसेल, तो मी मुद्दाम तुझ्या पंपाच्या मापाने करून घेतला आहे. तिथे फासे भरू नकोस.

आईने शेव वेगळी बांधली आहे.

तुझा,
बाबा