हौसेची शिकार अभयारण्यात नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.
पैसे भरणाऱ्या हौशी शिकाऱ्यांना राष्ट्रीय उद्यानांत, अभयारण्यांत शिकारीचे परवाने द्यावेत, महसूलही मिळेल, अशी चर्चा आमच्या पारावरही रंगते. माझं शेत चाळीसगाव तालुक्यात, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या पायथ्याशी. मका दाण्यात आला की रानडुकरं रात्रीतून वाफेच्या वाफे आडवे करतात. रोह्यांचा (नीलगायींचा) कळप हरभऱ्यात शिरला तर विचारूच नका! तरीही माझा या परवान्यांना विरोध आहे.

बंदूकवाला साहेब मक्यातलं डुक्कर मारायला थोडाच येणार? त्याला भिंतीवर लावायला मोठ्या शिंगांचा सांबर हवा. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने इथे वाघांच्या भरपूर शिकारी केल्या; शेतकऱ्याची राखण काही संपली नाही.

पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याला मारायच्या परवानगीसाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ११ आहेच. ती परवानगी वेळेत मिळावी, पंचनामा पीक उभं असताना व्हावा आणि कुंपणाला अनुदान द्यावं. नांगरट झाल्यावर पंचनाम्याला येणाऱ्यांना मी काय दाखवू, ढेकळं?

आपला,
एक शेतकरी, ता. चाळीसगाव, जि. जळगाव