संख्या टाकून ‘अपुरे’ ठरते, ‘पुरेसे’ नाही

महोदय,

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शनात ‘डेटा सफिशियन्सी’च्या, म्हणजे दिलेली माहिती उत्तराला पुरते की नाही एवढेच ठरवायच्या प्रश्नांवर एक सल्ला हमखास छापून येतो: दोन-तीन संख्या टाकून पाहा आणि पर्याय निवडा. विभाज्यतेच्या प्रश्नांत हा सल्ला अर्धाच खरा आहे.

संख्या टाकून फक्त ‘अपुरे’ सिद्ध होते. एका संख्येला ‘हो’ आले, दुसरीला ‘नाही’ आले, की विधान अपुरे. तिथे पुढे काही करायचे उरत नाही. पण पाच संख्यांना ‘हो’ आले म्हणून विधान पुरेसे ठरत नाही. क्ष² + क्ष + 41 या राशीत 0 पासून 39 पर्यंतचा कोणताही पूर्णांक घाला, मूळ संख्याच मिळते. 40 घातले की 1681 येतात, म्हणजे 41 चा वर्ग. परीक्षेत एकेचाळीस वेळा तपासून कोण पाहणार?

‘पुरेसे’ म्हणायचे तर मूळ अवयव पाडावे लागतात. समजा, क्ष हा धन पूर्णांक आहे आणि त्याला 12 ने निःशेष भाग जातो का, असा प्रश्न आहे. विधान 1: क्ष² ला 12 ने भाग जातो. विधान 2: क्ष² ला 24 ने भाग जातो. पहिल्या विधानात क्ष = 6 घ्या. वर्ग 36, त्याला 12 ने भाग जातो, पण 6 ला जात नाही. क्ष = 12 घेतल्यास जातो. विधान अपुरे. दुसऱ्यासाठी 24 = 2 × 2 × 2 × 3 असे लिहा. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळाच येतो. म्हणून क्ष² मध्ये तीन 2 आहेत म्हटल्यावर चौथा असलाच पाहिजे, आणि एक 3 आहे म्हटल्यावर दुसराही. चार 2 वर्गात, म्हणजे क्ष मध्ये निदान दोन. 3 निदान एक. झाले 12. उत्तर: फक्त दुसरे विधान पुरेसे. दोन्ही विधाने दिसायला जुळी, फरक पडला तो एका जादा 2 मुळे.

दुसरी नेहमीची चूक गुणाकाराची. क्ष ला 4 ने आणि 6 ने भाग जातो, म्हणून 24 ने जातो, असे सर्रास धरले जाते. हाती लागतो तो लसावि, म्हणजे 12. क्ष = 12 हेच त्याचे खंडन. 3 आणि 8 असते तर 24 बरोबर, कारण त्या दोहोंत सामाईक अवयव नाही.

भागाकारातली बाकी विचारणाऱ्या प्रश्नांत मात्र सरळ यादी लिहिलेली बरी. 4 ने भागून बाकी 3: 3, 7, 11, 15, 19. 6 ने भागून बाकी 1: 1, 7, 13, 19. पहिली सामाईक संख्या 7, पुढची 19. लसावि 12 असल्याने पुढेही 12 चेच अंतर राहणार. तेव्हा ‘12 ने भागल्यास बाकी किती’ याला दोन्ही विधाने मिळून पुरतात (बाकी 7), पण ‘24 ने भागल्यास’ असे विचारले तर 7 की 19 हे ठरत नाही.

ठाम ‘नाही’ हेही पुरेसे उत्तर असते, हे अनेकांच्या पचनी पडत नाही. क्ष मूळ संख्या आहे का? विधान: क्ष = क² − 1, क हा 2 पेक्षा मोठा पूर्णांक. (क − 1)(क + 1) असे दोन अवयव पडतात, दोन्ही 1 पेक्षा मोठे. मूळ संख्या असूच शकत नाही. विधान पुरेसे. अट ‘1 पेक्षा मोठा’ अशी असती तर क = 2 ला क्ष = 3 ही मूळ संख्या मिळाली असती, क = 3 ला 8, आणि तेच विधान अपुरे झाले असते. अटीतला आकडा म्हणूनच दोनदा वाचायचा. ‘धन’ हा शब्द नसेल तर 0 आणि ऋण संख्या घालून पाहायच्याच: 0 सम आहे आणि 0 सोडून कोणत्याही पूर्णांकाने त्याला भाग जातो. ‘पूर्णांक’ हा शब्दच नसेल तर अपूर्णांकही आले.

विधान 2 तपासताना विधान 1 हाताने झाकावे. हसण्यावारी नेण्यासारखी युक्ती वाटेल, पण नको तिथे ‘दोन्ही मिळून’ निवडले जाते ते बहुधा पहिले विधान डोक्यात घोळत राहिल्यामुळे.

शेवटी प्रश्न छापणाऱ्यांकडे एक मागणी. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात का, हे छापण्याआधी पाहा. ‘4 ने भागून बाकी 3’ म्हणजे क्ष विषम, ‘6 ने भागून बाकी 2’ म्हणजे सम. अशी संख्या अस्तित्वातच नाही, तरी अशा जोड्यांचे प्रश्न सराव संचांत दिसतात आणि उत्तरसूचीत त्यांना पर्यायही दिलेला असतो. दोन्ही विधानांत बसणारी एक संख्या संपादनाच्या प्रतीवर लिहून ठेवली, तरी असा प्रश्न छपाईपूर्वीच अडेल.

— एक गणित अध्यापक