मैदान उघडले, रस्ता अडला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोरोनाच्या टाळेबंदीत राज्य शासनाच्या २९ जुलै २०२० च्या आदेशाने ५ ऑगस्टपासून सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना मुभा मिळाली. गोल्फ, मोकळ्या जागेवरची नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, मैदानी बॅडमिंटन आणि मल्लखांब अशी ती यादी आहे. जलतरण तलाव बंदच राहिले. तेव्हापासून दोन तऱ्हेची मते ऐकू येत आहेत. श्रीमंतांच्या खेळाला आधी दार उघडले, असे एका बाजूचे म्हणणे. गोल्फइतका सुरक्षित खेळ नाही, मग पुण्याला जाऊन खेळायला सोलापूरकरांना ई-पास (दुसऱ्या जिल्ह्यात जायचा पोलिसांचा परवाना) का मिळू नये, हा दुसऱ्या बाजूचा सवाल. दोघेही खेळाच्या नावावरून भांडत आहेत. एका वस्तूला किती जणांचे हात लागतात, माणसे कुठे ताटकळतात आणि मैदानापर्यंत कशी येतात, हे कोणी विचारत नाही.

आधी गोल्फ घेऊ. अठरा होलच्या (चेंडू घालायचे अठरा खळगे असलेल्या) मैदानाला शंभर-दीडशे एकर जागा लागते आणि फेरीला चार तास. या चार तासांत दोन खेळाडू एकमेकांजवळ येतात ते टीवर (प्रत्येक होलचा पहिला फटका मारायच्या जागी) आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर), तेही मिनिट-दोन मिनिटे. सगळ्यांचे हात लागतात अशा वस्तू तीनच: होलमधली झेंड्याची काठी, बंकरमधली (मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यांतली) वाळू सारखी करायचा रेक आणि चेंडू धुवायचे यंत्र. रेक उचलून ठेवले, यंत्राला पोते बांधले की दोन मिटल्या. काठी होलमध्येच ठेवून पट (ग्रीनवरून होलकडे हलका फटका) मारायला २०१९ पासून नियमानेच परवानगी आहे, त्यामुळे ती काढायचे कारण नाही. उरतो प्रश्न होलमधून चेंडू काढण्याचा. होल सव्वाचार इंच रुंद आणि किमान चार इंच खोल असतो. हात घातला की काठीला लागतोच.

यावर दोन तोडगे निघाले. एक, होलच्या आत बसवलेला कप इंचभर वर काढून ठेवायचा; चेंडू कडेला लागला की होल झाला असे धरायचे. हा तोडगा कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात जोरात आलेला चेंडू कपावर आपटून चार हात लांब उडतो, तो एरवी आत गेला असता का यावरून वाद होतात आणि गवत कापणारे यंत्र कपावर अडखळते. दुसरा तोडगा बरा. काठीभोवती फोमचे कडे बसवायचे, म्हणजे चेंडू अर्धा इंचच खाली बसतो आणि काठीला न शिवता दोन बोटांनी उचलता येतो. पण कडे घट्ट बसवले तर कपाच्या तळाच्या भोकातून पाणी निचरत नाही. पावसाळ्यात होलचे डबके होते. कडे सैल हवे आणि मैदानावरच्या माणसाने ते रोज सकाळी काढून धुवायला हवे. बंकरमध्ये रेक नसेल तर वाळू पायाने सारखी करावी आणि दुसऱ्याच्या पावलाच्या खड्ड्यात चेंडू पडल्यास तो वीतभर हलवायची मुभा त्या मैदानापुरत्या नियमात लिहून ठेवावी.

खेळाडू सोडण्याचे अंतर हा खरा कळीचा मुद्दा. एरवी दर दहा मिनिटांनी चौघे सोडतात, म्हणजे तासाला चोवीस. पंधरा मिनिटांनी तिघे सोडले तर तासाला बारा. गर्दी निम्मी होते आणि पुढच्या गटाची वाट बघत टीवर घोळका जमत नाही. क्लबला हे नको असते, कारण फीसुद्धा निम्मी होते. इंग्लंडमध्ये २३ मार्चला मैदाने बंद झाली आणि १३ मे रोजी उघडली, तेव्हा सुरुवातीला वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनाच एकत्र खेळू दिले होते. चौघांची वेळ जूनमध्ये आली. आपल्या आदेशात मात्र अंतर आणि स्वच्छता पाळा, एवढेच मोघम वाक्य आहे.

तिकडची नियमावली उचलून आणणारे एक गोष्ट विसरतात: कॅडी. तिकडे बहुतेक खेळाडू आपली बॅग आपणच ओढतात. आपल्याकडे कॅडी बॅग नेतो, स्टिक काढून देतो, पुसून परत ठेवतो, चेंडूही पुसतो. चार तासांत एकाच स्टिकवर दोघांचे हात कितीतरी वेळा फिरतात. शिवाय कॅडी लोक पहाटेपासून एका शेडखाली काम मिळायची वाट बघत बसलेले असतात. गोल्फ मैदानावरची खरी गर्दी ती आहे आणि ती हिरवळीवरून दिसत नाही. कॅडींना घरी बसवा म्हणणे सोपे आहे. त्यांचे पोट रोजच्या फेरीवर आहे. त्यापेक्षा खेळाडूसोबत कॅडीलाही वेळ ठरवून बोलवावे, त्याने फक्त ट्रॉली ओढावी, स्टिक काढणे, पुसणे आणि ठेवणे खेळाडूने करावे, आणि मजुरी खात्यावर जमा करावी. यात न जमण्यासारखे काही नाही.

आता आदेशाच्या त्याच यादीतला मल्लखांब बघा. जमिनीवर साडेआठ फुटांच्या आसपास उंच असा एकच लाकडी खांब, त्याला एरंडेल लावलेले, आणि एकामागून एक दहा-बारा मुले त्याच खांबाला हातापायांनी, पोटाने, मानेने बिलगणार. गोल्फच्या नेमके उलट. इथे हाताला सॅनिटायझर चोळून उपयोग नाही, कारण तेलकट, घामट हातावर तो नीट काम करत नाही. साबण आणि पाणीच हवे, तेही वीस सेकंद. खांबाचे तेल प्रत्येक तुकडीनंतर कोरड्या फडक्याने ओढून काढायचे, साबणाच्या पाण्याचे फडके फिरवायचे, लाकूड पूर्ण सुकू द्यायचे आणि मग नवे तेल लावायचे. ओलसर लाकडावर तेल लावले तर पकड सुटते आणि मूल डोक्यावर येते. एवढे करायला अर्धा तास जातो. म्हणजे एका खांबावर सकाळी दोन, फार तर तीन तुकड्या, तुकडीत चार मुले. दोरीच्या मल्लखांबाला दोर धुऊन वाळवणे या हवेत शक्यच नाही. ज्याचा त्याचा दोर असेल तरच सराव करावा. मल्लखांब बंद ठेवा असे आमचे म्हणणे नाही. गोल्फ आणि मल्लखांब एका दमात सुरू करून दोघांना एकच अट घालणे चुकीचे आहे, एवढेच.

प्रवासाची गोष्ट याहून विचित्र आहे. केंद्राच्या २९ जुलैच्या सूचनांनुसार राज्यांतर्गत प्रवासावर बंधन नाही. राज्याने ई-पास चालू ठेवला. त्यात कालपासून, २० ऑगस्टपासून, एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जायला पास लागत नाही, स्वतःच्या गाडीला लागतो. बावीस अनोळखी माणसांबरोबर एसटीत बसून पुण्याला गेलो तर चालते. घरातल्या दोघांनी आपल्या गाडीतून तुळजापूरला जायचे तर पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज.

तुळजापूरचे नाव मुद्दाम घेतले. सोलापूर शहर जिल्ह्याच्या एका कडेला आहे. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, पण तामलवाडी आली की जिल्हा बदलतो आणि पास लागतो. करमाळा सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, तिथे मात्र बिनपासाचे जा, दिवसभर फिरा, रात्री परत या. जिल्ह्याची हद्द महसूल गोळा करायला आखलेली आहे. संसर्ग आवरायचा तर घरापासूनचे अंतर आणि वाटेतले थांबे मोजायला हवेत.

अंतराची अट मात्र कोण तपासणार, हे आधी ठरवावे लागते. मुंबईत जूनअखेरीस व्यायाम आणि खरेदीसाठी घरापासून दोन किलोमीटरची मर्यादा आली. तपासणी रस्त्यावरच्या पोलिसांवर सोपवली गेली, हजारो गाड्या जप्त झाल्या आणि थोड्याच दिवसांत मर्यादा मागे घ्यावी लागली. आयर्लंडमध्ये १८ मे रोजी गोल्फ सुरू झाले तेव्हा पाच किलोमीटरची अट होती. तिथे क्लबकडे सभासदांचे पत्ते असतात आणि वेळ नोंदवूनच खेळायचे असते. त्यामुळे दूरच्या सभासदाला नोंदणीच्या वेळीच नाही म्हणता आले आणि नाक्यावर कोणाला पट्टी घेऊन उभे राहावे लागले नाही. आपल्याकडे टेनिस कोर्ट, बॅडमिंटन, मल्लखांबाचे वर्ग यांच्याकडेही नावनिशीवार वह्या आहेतच.

सोलापूरहून पुण्याला गोल्फला जाऊ द्या, ही मागणी आम्हाला आज मान्य नाही. मैदानावर धोका कमी आहे हे खरे, पण अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर तो कमी नाही. चारचाकीत चालकासह चौघांना परवानगी आहे. चौघे साडेचार-पाच तास काचा लावून, एसी चालू ठेवून जाणार. चार तास मोकळ्यावर खेळून तितकाच वेळ परत येणार. खेळापेक्षा दुप्पट वेळ बंद डब्यात. वाटेत टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. कुठेतरी चहा, कुठेतरी स्वच्छतागृह. पुण्यातले आकडे आपण रोज वाचतोच. ज्यांना जायचेच आहे त्यांनी निदान एका गाडीत एकाच घरातली माणसे न्यावीत, मागच्या काचा चार बोटे उघड्या ठेवाव्यात आणि डबा घरून न्यावा. ‘वैद्यकीय’ कारण टाकून पास काढण्याचे सल्ले मात्र बंद व्हावेत. खरोखर रुग्ण घेऊन निघालेल्या माणसाचा अर्ज त्याच रांगेत असतो.

तोवर गोल्फचा सराव घरी होतो. दहा बाय दहा फुटांची जाळी लोखंडी चौकटीला टांगावी, पण ताणून बांधू नये; ताणलेली जाळी चेंडू तितक्याच वेगाने तोंडावर परत फेकते. जाळीमागे हातभर अंतरावर जाड चादर सैल सोडावी. त्यासाठी सोलापूरकराला बाजारात जावे लागणार नाही. चेंडूपासून जाळी आठ ते दहा फुटांवर हवी. गच्चीवर कठडा कमी उंच असेल तर हा उद्योग करूच नये, शेजाऱ्यांच्या काचा आणि डोकी दोन्ही महाग पडतात.

जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांकडे मागणी आहे ती इथल्या मैदानांबद्दल. पार्क मैदान, होम मैदान, नेहरूनगरचे मैदान, कुमठा नाक्याचे क्रीडा संकुल यांची वेळ कमी करून गर्दी कमी होत नाही, वाढते. राज्याच्या आदेशात व्यायामाला पहाटे ५ ते संध्याकाळी ७ अशी वेळ आहे. स्थानिक आदेशाने ती सकाळच्या दोन-तीन तासांवर आणली की सगळे शहर एकदम लोटते. मैदानाच्या मधोमध कोणी कोणाजवळ नसते. फाटकाशी, गाड्या लावायच्या जागी आणि चहाच्या गाड्यावर खांद्याला खांदा लागतो. शहराने १६ ते २६ जुलै कडक टाळेबंदी सोसली आहे, पुन्हा ती वेळ नको असेल तर फाटकांकडे बघावे. पूर्ण वेळ खुली ठेवा, येण्याचे आणि जाण्याचे फाटक वेगळे करा, दुचाकी एक आड एक लावायला चुन्याच्या रेघा मारा, चहाचे गाडे फाटकापासून शंभर फूट लांब हलवा. मल्लखांबाच्या वर्गांना तुकडीची संख्या आणि खांब धुण्याची अट लेखी द्या, आणि वर्ग सुरू होण्याआधी तिथे साबण व नळाला पाणी आहे की नाही हे कोणीतरी जाऊन पाहा. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे ज्या मैदानावर टाकी नाही तिथे आधी टँकरचा वार ठरवावा, मगच परवानगी द्यावी.

आपला,
एक वाचक, होटगी रोड, सोलापूर
२१ ऑगस्ट २०२०