माल उतरेपर्यंत थांबू नका

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, काल तुम्ही म्हणालात, "द्राक्षांचा माल उतरू दे, मग बघू." फोनवर मला रडू आलं आणि बोलायचं राहिलं, म्हणून लिहितेय.

दिवाळीत तुम्ही भर दुपारीही मफलर काढला नव्हता. पाणी प्यायला मान वर केलीत तेव्हा गाठ दिसली मला. सहा केमो सोसून ती परत आली, आता पुन्हा तेच नको, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण डॉक्टर सांगतात ती कार-टी ही उपचारपद्धत वेगळी आहे. तुम्ही डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी भरता ना? मुळं तीच राहतात, गुण नवा येतो. इथेही पेशी तुमच्याच. रक्त मशीनमधून फिरवून त्यातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून घेतात, बाकीचं रक्त लगेच परत देतात. लॅबमध्ये त्या पेशींत एक नवा जीन घालतात. मग लिम्फोमाच्या, म्हणजे तुमच्या या गाठींच्या कॅन्सरच्या, पेशीवरची सीडी19 ही खूण त्यांना ओळखू येते. काही आठवड्यांनी, वाढवलेल्या त्याच पेशी सलाइनसारख्या परत चढवतात.

लपवत काहीच नाही. त्याआधी थोडी केमो असतेच. नंतर ताप फणफणतो, बीपी उतरतं, कधी माणूस काही दिवस भ्रमात बोलतो. म्हणून दवाखान्यातच राहावं लागतं, आणि पुढे कित्येक महिने इन्फेक्शनला जपावं लागतं. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. पण केमो हरल्यावरही काहींच्या गाठी पूर्ण विरघळल्यात, बाबा, आणि मला त्या 'काहीं'वर भरवसा ठेवायचाय.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेत नुसत्या औषधाचेच 3 कोटींवर जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून आपल्याकडची कार-टी, नेक्सकार19, तयार केली, तिला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. तीही लाखांतच जाते, पण मी आणि दादाने हिशेब मांडलाय. पिंपळगावच्या बागेला हात लागणार नाही. तोडणीला दादा उभा राहील.

आधी फक्त तपासणी. तुमचं हृदय, किडनी हे झेपवतील का, ते बघून मगच ठरवायचं. तेव्हाही तुम्ही नको म्हणालात तर मी ऐकेन.

आई, बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे गाठीचे मेणात ठेवलेले तुकडे, लॅबमधून मागून घे, नुसता रिपोर्ट चालत नाही. पेट स्कॅनची सीडी कपाटात वरच्या खणात आहे. गुरुवारची पंचवटी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढलीत. मी कल्याणला फलाटावर असेन. बाबांचा मफलर आठवणीने घे, एसीत गार लागतं त्यांना.

तुमची,
ताई