विद्यापीठाच्या नावाआधी विषयांची यादी वाचा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाबद्दल जे लिहिले-बोलले जाते ते बहुतांशी प्रवेशपरीक्षा, शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांभोवतीच फिरते. तिथे गेल्यावर आपल्याला नेमके कोणते विषय घेता येतील, हा प्रश्न मात्र तिकीट काढून झाल्यावर सुचतो. विनिमय योजनेतून एक-दोन सत्रांसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना याची झळ सर्वांत जास्त बसते, कारण चूक सुधारायला त्यांच्या हाती वेळच नसतो.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शेकडो विषय दिसतात. ते सगळे पाहुण्या विद्यार्थ्याला खुले असतातच असे नाही. वैद्यकशाखेतील विषय, प्रयोगशाळेत मोजक्या जागा असलेले विषय आणि प्रबंधाशी जोडलेली चर्चासत्रे अनेक ठिकाणी तिथल्याच पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. जे खुले असतात त्यांच्याही नोंदी नीट वाचाव्या लागतात. शीर्षकाखालच्या चार-पाच रुक्ष ओळींत पूर्वअट, अध्यापनाची भाषा, विषय कोणत्या सत्रात शिकवला जातो आणि परीक्षा लेखी की तोंडी, हे सारे दिलेले असते. ‘मशीन लर्निंग’ हे नाव पाहून हुरळून जाणाऱ्याला रेषीय बीजगणित आणि संभाव्यताशास्त्र आधी झालेले असावे, ही ओळ पहिल्या तासाला आठवून उपयोग नसतो. काही विषय वर्षाआड शिकवले जातात, तर काहींची व्याख्याने इंग्रजीत असली तरी सरावाचे तास स्थानिक भाषेत चालतात. शिवाय अर्ज भरताना समोर असते ती बहुधा मागील वर्षाची यादी.

क्रेडिटचा, म्हणजे एखाद्या विषयाला लागणाऱ्या अभ्यासाच्या मापाचा, हिशेब तर त्याहून फसवा. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. त्यात वर्गातले तास आणि घरचा अभ्यास दोन्ही आले. म्हणजे ६ क्रेडिटचा विषय हा १५० ते १८० तासांचा झाला. ब्रिटनमध्ये वर्षाची १२० क्रेडिट असल्याने तिथली दोन म्हणजे युरोपातले एक. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० लागतात, म्हणजे वर्षाला सुमारे ३०. आकडा तोच दिसला तरी वजन वेगळे, हे आपल्या परीक्षा विभागांच्याही लक्षात नेहमी येते असे नाही. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर पदवीचे शिक्षण घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे दर सत्रात किमान १२ क्रेडिट ठेवावीच लागतात. त्यामुळे हवा तो विषय भरून गेला म्हणून एक कमी घेतला, असे तिथे चालत नाही.

वेळापत्रकाचाही विचार आधीच करावा. जर्मनीतील हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च असे गणले जाते आणि तास बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीपर्यंत चालतात. मायदेशातील पुढचे सत्र जानेवारीत सुरू होत असेल, तर परीक्षा द्यायची की परतायचे, असा पेच पडतो.

या सगळ्यावर कागदी तोडगा अस्तित्वात आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस या युरोपीय विद्यार्थी-विनिमय योजनेत विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था अशा तिघांच्या सह्यांचा शिक्षण करार जाण्यापूर्वीच होतो आणि विषय बदलल्यास तोही बदलून घेता येतो. परदेशातील शिक्षणाला मान्यता देण्याविषयीच्या १९९७ च्या लिस्बन करारानेही, तो मान्य केलेल्या देशांपुरते का होईना, हेच तत्त्व ठेवले: बाहेर केलेला अभ्यास नाकारायचा तर त्यात मोठा फरक आहे, हे नाकारणाऱ्यानेच दाखवून द्यावे. शिक्षण कराराविना गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र परतल्यावर ‘आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाही’ एवढे एक वाक्य ऐकवले जाते आणि तोच विषय पुन्हा करावा लागतो. हे मला अन्यायकारक वाटते.

म्हणून विद्यार्थी बाहेर पाठवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने, मागील सत्रांत आपल्या विद्यार्थ्यांना कोणत्या परदेशी विद्यापीठात कोणते विषय प्रत्यक्षात मिळाले आणि ते इथे कशाच्या बदली धरले गेले, याची यादी अर्जाच्या मुदतीपूर्वी जाहीर करावी. ही माहिती कार्यालयातील फायलींमध्ये असतेच. विद्यार्थ्यांनीही पाच विषय हवे असतील तर आठ-नऊंना आधीच लेखी मान्यता घेऊन ठेवावी आणि प्रत्येकाचा सविस्तर अभ्यासक्रम त्या वर्षाच्या उल्लेखासह जपून ठेवावा.

आपला,
एक प्राध्यापक