तळं बुजवू नका

पुणे, २६ मे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

परवा फोनवर आई फारशी बोलली नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. मग बाबांनी सांगितलं की एका रात्रीत तळ्यातले रोहू-कटले मासे मेले आणि आता दोन ट्रॉल्या माती आणून तळं बुजवायचं ठरलंय. बाबा, एवढी घाई करू नका.

आईला वाटतंय, आदल्या दिवशी तिने उरलेला भात टाकला म्हणून असं झालं. तुम्हाला वाटतंय, शेजारच्या मिरचीवर फवारलेल्या औषधाचं पाणी आत आलं. मला दोन्ही पटत नाही. आईच म्हणाली ना, की डासांच्या अळ्या खाणारे छोटे गप्पी मासे सगळे जिवंत आहेत? विष असतं तर ती इवली पोरं आधी गेली असती. मोठे मासे आधी जातात ते प्राणवायू संपल्यावर. गप्पीचं तोंड वरच्या अंगाला असतं. पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याला थोडी हवा मिसळलेली असते, तेवढ्यावर ते तग धरतात. हातभर रोहूला ते जमत नाही.

शिवाय आदल्या संध्याकाळी वळीव आला होता. मे महिन्यात पाणी तापलेलं असतं आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावत असेल, तर ३० अंशांना साडेसातच. त्यात पहिल्या पावसाने गोठ्यापुढचं शेण-मूत थेट तळ्यात आणलं. ते कुजायलाही प्राणवायू लागतो. वरून थंड पाणी पडलं की ते खाली बसतं आणि तळाच्या गाळातलं नासलेलं पाणी वर येतं. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं खरं, पण रात्री तेच तो ओढून घेतं. म्हणून पहाटे सगळ्यात वाईट वेळ असते. आई, तुला सकाळी मेलेले मासे दिसले ते याचमुळे. तुझ्या मूठभर भाताने एका रात्रीत तळं मरत नाही. हे मनातून काढून टाक.

आता बाबांना सांगायचं ते. दर उन्हाळ्यात तुम्ही तळं पूर्ण उपसून चिरे घासता, त्याला माझा विरोध आहे. त्या चिऱ्यांवरच्या बुळबुळीत थरात जिवाणू असतात. माशांच्या घाणीतला अमोनिया तेच पचवतात. घासलं की ते गेले, परत जमायला काही आठवडे लागतात आणि तेवढे दिवस मासे स्वतःच्याच घाणीत राहतात. पंधरा दिवसांतून पाव भाग पाणी बदला, बास. तेही विहिरीचं. पाईप पाण्यात बुडवू नका, वर धरून धार पडू द्या. विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, पडताना ते हवा घेतं. नळाचं पाणी घेतलंत तर आधी दिवस-दोन दिवस हौदात उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन निघून जाईल. आणि तुम्ही स्वतः आत उतरायचं नाही. त्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलंय, तुमचा गुडघा मला माहीत आहे. गाळ काढायला एखाद्या पोराला सांगा, पैसे मी देते.

खाणं पाच मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं. ढगाळ दिवशी नाही टाकलं तरी चालतं. आभाळ भरून आलं आणि मासे तोंड वर काढून गपागपा करू लागले, की लगेच मोटर लावून पाण्याची धार सोडा. ती मोटर लावायच्या आधी मात्र एखाद्या वायरमनकडून त्या लाईनला शॉक न लागण्याचं स्विच बसवून घ्या. ओल्या हाताने बटण दाबायची सवय बाबांची आहे, म्हणून लिहिते.

नवीन मासे लगेच नकोत. रोहू-कटल्याचं बीज पावसाळ्यात तयार होतं, श्रावणात चांगली बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, मिळतील. खानापूरला मीनुगारिके इलाखेत, म्हणजे मत्स्य खात्यात, विचारा. यावेळी दहा-बाराच सोडू. आपल्या तळ्याला तेवढेच झेपतात, मागच्या वेळी दाटी झाली होती. कुणी स्वस्तात थाई मांगूर देतो म्हणाला तर घेऊ नका. त्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे. तो दुसरे मासे खातो, आणि आपलं तळं भरलं की पाणी ओढ्याने मलप्रभा नदीकडेच जातं. सांडव्याला बारीक जाळी लावून घ्या, नाहीतर मोठ्या पावसात आपलेही मासे निघून जातील.

डासांची काळजी करू नका. गप्पी आहेत तोवर अळी टिकत नाही. तळं बुजवलं तर तेही जातील आणि पावसाळ्यात परड्यातल्या डबक्यांत टाकायला काही उरणार नाही.

मृगाला फार दिवस नाहीत. गोठ्याकडून तळ्यात येणारा पाट तेवढा या आठवड्यात कुदळीने बाहेरून वळवून घ्या, बाकीचं मी गणपतीला आले की बघू.

तुमची लेक