सत्तावीस, बहात्तर आणि काड्या

कराड,
१८ जून

प्रिय सुनंदा,

यंदा तुझ्याकडे दुसरीचा वर्ग आला, हे वाचून बरं वाटलं. 'सत्तावीस' सांगितलं की निम्मी पोरं ७२ लिहितात म्हणतेस. अगं, यात पोरांचा दोष नाही. आपण सात आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो. कानावर जे पहिलं पडलं, ते मूल पहिलं मांडतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! मला ते सुरुवातीच्या दिवसांत फार उपयोगी वाटतं. बाजारात 'सत्तावीस'च लागणार, तेव्हा दोन्ही नावं जोडीनेच म्हणून घे.

पाटीवर अंक येण्याआधी हातात काड्या हव्यात. खराट्याचे हीर बोटभर तोड; चार मुलांमागे शंभर काड्या, दहा रबर. गठ्ठे आयते बांधून देऊ नकोस. आयता गठ्ठा मुलाला एकच जाड काडी वाटतो. स्वतः दहा मोजून रबर लावलं, की आत दहा आहेत हे पटतं. नऊचे आणि अकराचेही गठ्ठे होतील, म्हणून शेजाऱ्याकडून मोजून घे. दशक डावीकडे, सुटे उजवीकडे. पण हे समोर बसून दाखवलंस तर तुझं डावं ते त्यांचं उजवं! त्यांच्याच बाजूला बसून मांड.

मग कार्डं. १० ते ९० ची दुप्पट रुंद, १ ते ९ ची निम्मी. २० मधल्या शून्यावर ७ ठेवला की २७. 'वीस सात' ऐकून २०७ लिहिणारं एखादं पोर निघतंच. त्याला वरचं कार्ड उचलून झाकलेलं शून्य बघू दे.

श्रुतलेखनात ३३, ४४ देऊ नकोस, उलटे लिहिले तरी बरोबरच दिसतात. २७-७२, ३६-६३ अशा जोड्या दे, पण लागोपाठ नको.

खरी डोकेदुखी 'एकोण'ची. एकोणतीस ऐकलं की कानात 'तीस' उरतं आणि वहीत ३९ उतरतं. इथे काड्यांपेक्षा गणितमाळ बरी: शंभर मणी, दहा-दहाचे रंग आलटून-पालटून. तिसाव्या मण्यानंतर कपड्याचा चिमटा लाव, मग तो चिमटा एक मणी मागे सरकव. एकोणीस ते एकोणनव्वद असे आठच आकडे आहेत. नव्याण्णव तेवढा फटकून वागतो. बावन्नमध्ये पन्नास आणि बासष्टमध्ये साठ धड ऐकूच येत नाही, त्यामुळे पन्नाशीपुढे पाठांतराला पर्याय नाही. रोज एकच दशक घे.

वजाबाकीत ३२ मधून ७ गेले की ३५ उत्तर येईल. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन काढतं. 'हातचा घे' असं ओरडून काही होत नाही. तीन गठ्ठे, दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेव आणि सात माग. दोन देऊन ते अडेल. तू रबर सोडू नकोस, त्याला सोडू दे. हे सहज जमेपर्यंत उभी मांडणी फळ्यावर आणू नकोस.

पुढच्या पत्रात वह्यांतल्या चुका जशाच्या तशा उतरवून पाठव. नुसतं 'चुकतात' लिहू नकोस.

तुझी,
मंदा